‘सी’ काविळीचे उपचार आणि थायरॉइडचे दुखणे

गेल्या वर्षी पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी दवाखाना बंद करण्याच्या वेळेला सत्तेचाळीस वर्षांच्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, डोळ्यांवर झापड. खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. बोलला तो मुलगा.

“डॉक्टर, आईला सिव्हिलमधून ‘सी’ काविळीच्या गोळ्या चालू आहेत. हा सातवा आठवडा. पण गोळ्या सुरू झाल्यापासून आई रोज खालीच चालली आहे. भाकरी थापायला बसली तर तिथेच पेंगते. त्या गोळ्या तिला सोसत नाहीत असे दिसते. बंद करू का?”

मी जुनी चिठ्ठी पाहिली. बाईंना सहा वर्षांपासून थायरॉइड कमी असल्याचे दुखणे होते आणि रोज शंभर मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती. म्हणून विचारले, “ताई, थायरॉइडची गोळी घेता ना?”

“ती केव्हाच सोडली, डॉक्टरसाहेब. जाऊबाई म्हणाल्या, काविळीत एवढ्या गोळ्या एकदम घेतल्या तर अंगात गरमी होते. ही मोठी तीन महिन्यांची आहे, ती आधी संपव, मग ती बारकी सुरू कर.”

रक्त तपासले. टी.एस.एच. चारच्या आत हवा, तो अडुसष्ट निघाला. बाईंना काविळीच्या गोळीने काहीही केलेले नव्हते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती. नवीन गोळी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात जुनी गोळी सुटली. त्रास सुटलेल्या गोळीचा आणि आळ सुरू झालेल्या गोळीवर. मुलाने मला न विचारता काविळीच्या गोळ्या बंद केल्या असत्या, तर बरे होऊ घातलेले दुखणे अर्धवट राहिले असते आणि थायरॉइडचे दुखणेही तसेच राहिले असते.

ही दोन्ही दुखणी आपल्याकडे एकाच माणसात आढळतात आणि दोन्हींची लक्षणे एकमेकांत मिसळतात. म्हणून आजच्या लेखात या जोडगोळीची माहिती घेऊ.

दोन अवयव, दोन कामे

यकृत म्हणजे लिव्हर. ते पोटात उजव्या बाजूला बरगड्यांखाली असते. अन्नातील सत्त्वाचा साठा करणे, रक्तातील प्रथिने तयार करणे, औषधांचा व विषारी द्रव्यांचा निचरा करणे ही त्याची कामे. ‘सी’ विषाणू या यकृतात घर करतो. तो १९८९ साली प्रथम ओळखला गेला आणि त्या कामासाठी तीन शास्त्रज्ञांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू रक्तातून पसरतो. एकाची सुई दुसऱ्याला टोचणे, न तपासलेले रक्त चढवणे, जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदणे, दुसऱ्याचा वस्तरा वापरणे हे त्याचे मार्ग. आपल्याकडे रक्तपेढीत या विषाणूची तपासणी २००० सालानंतरच सक्तीची झाली. त्यामुळे त्यापूर्वी शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणात रक्त घेतलेल्यांनी एकदा तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे. पाण्यातून होणारी कावीळ वेगळी आणि ही वेगळी. या काविळीत अनेकदा डोळे पिवळे होतच नाहीत. वर्षानुवर्षे माणूस धडधाकट दिसतो आणि आत यकृत हळूहळू निबर होत जाते.

थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी. ती गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखराने पंख पसरावेत तशी असते. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. शरीराची भट्टी किती आचेवर ठेवायची हे ती ठरवते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टी.एस.एच. पाठवून तिला हाकत असते. थायरॉइड मंदावला की पीयूषिका जोराने हाका मारते, म्हणून टी.एस.एच. वाढतो. थायरॉइड जास्त चालू लागला की हाक मारण्याची गरज उरत नाही, म्हणून टी.एस.एच. खाली जातो. ‘टी.एस.एच. वाढला म्हणजे थायरॉइड वाढला’ असा अनेकांचा समज असतो. तो नेमका उलटा आहे.

इंजेक्शनच्या काळातला धडा

‘सी’ काविळीच्या उपचारांत थायरॉइडचे नाव एवढे का घेतले जाते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. साधारण २०१५ पर्यंत या काविळीवर इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या हाच उपचार होता. विषाणूच्या प्रकारानुसार २४ किंवा ४८ आठवडे तो चाले. इंटरफेरॉन शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेव आणते. चेव आलेली ही फौज कधीकधी शत्रू सोडून घरच्यांवरच तुटून पडते आणि तिचा पहिला मार बहुधा थायरॉइडला बसतो. शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा रुग्णांमध्ये थायरॉइड बिघडत असे. स्त्रियांमध्ये आणि ज्यांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासून असत त्यांच्यात हे प्रमाण अधिक असे.

एक अनुभव सांगतो. २००९ साली आमच्या गावातील एका शिक्षिकेचे उपचार पुण्याचे तज्ज्ञ डॉक्टर करीत होते. आठवड्याचे इंजेक्शन मात्र माझ्या दवाखान्यात होई. औषध फार महाग होते. यजमानांनी शेतावर कर्ज काढले होते. तिसऱ्या महिन्यात बाईंची छाती धडधडू लागली, हात कापू लागले, वजन उतरले, वर्गात मुलांवर चिडचिड होऊ लागली. मी म्हटले, इंजेक्शनचा परिणाम आहे, थोडी काळजीही आहे. झोपेची हलकी गोळी दिली. पुढे महिन्या-दीड महिन्यात चित्र पालटले. धडधड गेली आणि बाई मलूल झाल्या. कारण नसताना रडू येई, अंथरुणातून उठवेना. मी पुन्हा म्हटले, इंटरफेरॉनने मन खचते, तसेच हे असेल. अठराव्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “डॉक्टर, आता इंजेक्शन नको. मेले तरी चालेल.”

त्याच आठवड्यात त्यांना पुण्याला दाखवायचे होते. तिथे टी.एस.एच. केला तो खूप वाढलेला निघाला. इंटरफेरॉनने थायरॉइडला सूज आली होती. सूज आल्यावर ग्रंथीतला साठा एकदम रक्तात सांडतो, म्हणून आधी धडधड आणि थरथर. साठा संपला की ग्रंथी रिकामी, म्हणून नंतर ग्लानी. पुस्तकात हे सगळे आहे. इतकेच नव्हे, तर तज्ज्ञांनी मला दिलेल्या कागदावर ‘दर तीन महिन्यांनी टी.एस.एच. करावा’ असे लिहिले होते. मी इंजेक्शनच्या मात्रेची ओळ वाचली, ही ओळ वाचली नाही. चूक माझी होती आणि त्या बाईंनी ती दोन महिने सोसली.

थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि पाच-सहा आठवड्यांत बाईंच्या जिवात जीव आला. इंजेक्शने पूर्ण झाली, विषाणू गेला. दीड वर्षाने थायरॉइडची गोळीही कमी करत बंद झाली. सगळ्यांचेच नशीब असे नसते. काहींचा थायरॉइड कायमचा मंदावतो आणि गोळी जन्मभर घ्यावी लागते. ज्यांनी त्या काळात इंटरफेरॉन घेतले आहे, त्यांनी आज बरे वाटत असले तरी वर्षातून एकदा टी.एस.एच. करून घ्यावा.

आताच्या गोळ्या कशा आहेत?

आता ‘सी’ काविळीसाठी इंटरफेरॉन वापरले जात नाही. सोफोसबुव्हिर आणि त्याच्या जोडीला डॅक्लाटास्विर किंवा वेल्पाटास्विर अशा तोंडाने घ्यायच्या गोळ्या आल्या आहेत. या गोळ्या थेट विषाणूच्या वाढीवर घाव घालतात. प्रतिकारशक्तीला डिवचत नाहीत. बहुतेक रुग्णांना १२ आठवडे पुरतात आणि शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक जण विषाणूमुक्त होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या तपासण्या आणि गोळ्या सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. शेतावर कर्ज काढण्याची वेळ आता येत नाही.

या गोळ्यांनी थायरॉइड बिघडण्याची भीती इंटरफेरॉनसारखी नाही. मग थायरॉइडची चर्चा संपली का? नाही, आणि त्याला तीन कारणे आहेत.

पहिले, ‘सी’ विषाणू स्वतःच प्रतिकारशक्तीला चाळवतो. त्यामुळे या रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, उपचार सुरू होण्याआधीच थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे आणि मंदावलेला थायरॉइड अधिक आढळतो. दुसरे, थायरॉइडचे दुखणे मुळातच घरोघरी आहे. काविळीच्या रुग्णाला ते असू नये असा काही नियम नाही. तिसरे, लोक थायरॉइडची गोळी मध्येच सोडतात किंवा चुकीच्या वेळी घेतात. माझ्या दवाखान्यात तिसरे कारणच सर्वांत जास्त दिसते.

थकवा नक्की कशाचा?

काविळीच्या गोळ्या चालू असताना थकवा आला की घरातले म्हणतात, ‘औषध जड आहे, थकवा येणारच.’ थोडे डोके दुखणे, थोडा थकवा या गोळ्यांनी येऊ शकतो. पण तो सौम्य असतो आणि सहसा काम अडवत नाही. थकवा वाढत चालला असेल तर त्याचे मूळ शोधले पाहिजे.

थायरॉइड मंदावला असेल तर थकव्याबरोबर आणखी खुणा दिसतात. इतरांना उकडते तेव्हा याला थंडी वाजते. बद्धकोष्ठ होते, कातडी कोरडी पडते, केस गळतात, आवाज बसतो, सकाळी चेहरा व पापण्या सुजतात. वजन थोडे वाढते, विसरायला होते, बायकांना पाळीत जास्त रक्त जाते. नाडी संथ चालते.

थायरॉइड जास्त चालत असेल तर उलट. भूक चांगली असून वजन उतरते. छाती धडधडते, हात पुढे केले तर बोटे थरथरतात. घाम येतो, उकाडा सोसत नाही, शौचाला वारंवार होते, झोप लागत नाही, स्वभाव चिडका होतो. काहींचे डोळे बटबटीत दिसू लागतात.

रक्त कमी झाले असेल तर जिना चढताना दम लागतो आणि जीभ, नखे पांढुरकी दिसतात. यकृत जास्त खराब झालेल्या काही रुग्णांना आजही सोबत रिबाव्हिरिन द्यावे लागते. या औषधाने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि पहिल्या काही आठवड्यांत हिमोग्लोबिन उतरते. ते लोहाच्या गोळ्यांनी भरून येत नाही. डॉक्टर रिबाव्हिरिनची मात्रा कमी करतात. स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तर फायदा नाही, उलट तोटा होतो. तो कसा हे पुढे येईलच.

पाय सुजणे, पोट फुगणे, गुंगी येणे, काळी शौच होणे, रक्ताची उलटी होणे ही लक्षणे यकृत खूप निबर झाल्याची, म्हणजे सिऱ्होसिसची असू शकतात. यात घरी थांबू नये.

साखरेचा विकार आणि मनाचे खचणे हीसुद्धा थकव्याची कारणे आहेत. म्हणून ‘थकवा’ या एका शब्दावर कोणीच निदान करू नये; डॉक्टरनेही नाही आणि शेजाऱ्यानेही नाही.

तपासणी कोणती आणि केव्हा?

काविळीचे उपचार सुरू करताना एकदा टी.एस.एच. करून ठेवावा असे माझे मत आहे. पूर्वी थायरॉइडचे दुखणे असेल, घरात कोणाला असेल किंवा गळा फुगलेला दिसत असेल तर तो जरूर करावा. पुढे कधी त्रास झाला तर आधीचा आकडा ताडून पाहता येतो. ज्यांना थायरॉइडची गोळी आधीपासून चालू आहे, त्यांनी उपचारांच्या मध्यावर पुन्हा एकदा करावा.

टी.एस.एच. बिघडलेला आला तर सोबत ‘फ्री टी-४’ तपासावा. साधा ‘टोटल टी-४’ यकृताच्या दुखण्यात फसवा ठरतो. थायरॉइडचे संप्रेरक रक्तात एका प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरते. हे प्रथिन यकृत तयार करते. यकृताला सूज असली की हे प्रथिन वाढते आणि थायरॉइड ठणठणीत असूनही टोटल टी-४ वाढलेला दिसतो. अशा अहवालावर थायरॉइड जास्त असल्याचा शिक्का मारून औषधे सुरू झालेली मी पाहिली आहेत.

याची उलट बाजूही आहे. थायरॉइड फार मंदावला की स्नायूंतून एस.जी.ओ.टी. हे द्रव्य रक्तात उतरते आणि यकृताचा अहवाल बिघडल्यासारखा दिसतो. औषध चालू असूनही एस.जी.ओ.टी. वाढला म्हणजे विषाणूच वाढला, असे समजून घाबरू नये.

केसांसाठी आणि नखांसाठी हल्ली बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ती बंद ठेवावी आणि प्रयोगशाळेत तसे सांगावे.

गोळी सुरू केल्यावर आठ दिवसांनी टी.एस.एच. करणे म्हणजे पैसे वाया घालवणे. थायरॉक्सिनचा परिणाम सावकाश मुरतो. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करावी.

गोळ्यांचे वेळापत्रक

थायरॉक्सिनची गोळी आणि सोफोसबुव्हिर, डॅक्लाटास्विर, वेल्पाटास्विर ही औषधे एकमेकांच्या आड येत नाहीत. दोन्ही एकाच दिवशी बिनधोक घेता येतात. ‘दोन औषधांची गरमी’ हा मनाचा खेळ आहे. मात्र वेळ पाळावी लागते.

सकाळी उठल्यावर दात घासून थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आपल्याकडे डोळे उघडल्याबरोबर चहा लागतो, म्हणून हे सर्वांत अवघड पथ्य आहे. ज्यांना ते जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घ्यावी. पण एकदा ठरवलेली वेळ रोज बदलू नये.

काविळीची गोळी दिवसातून एकदा ठरावीक वेळी घ्यावी. जेवणाशी तिचे वाकडे नाही. दुपारच्या जेवणानंतर घेतली तर लक्षात राहते.

लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची पातळ औषधे थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतात. रक्तात जाऊ देत नाहीत. त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत किमान चार तासांचे अंतर हवे. मनाने सुरू केलेल्या लोहाच्या गोळीचा तोटा म्हटला तो हाच. पित्ताच्या औषधांबाबत आणखी एक सावधगिरी. वेल्पाटास्विर असलेली गोळी रक्तात शोषली जाण्यासाठी जठरातील आम्ल लागते. रोज सकाळी पित्ताची कॅप्सूल घेण्याची सवय अनेकांना आहे. काविळीचे उपचार चालू असताना ही सवय उपचार केंद्रातील डॉक्टरांना न चुकता सांगावी.

दोन्हींपैकी कोणतीही गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवले तर दोन काविळीच्या गोळ्या एकदम घेऊ नयेत.

थायरॉइड जास्त चालत असेल तर

हे प्रमाण कमी आहे, पण काळजी अधिक लागते. थायरॉइडला सूज येऊन साठा सांडला असेल तर तो काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. धडधडीसाठी तेवढ्यापुरते औषध पुरते. ग्रंथीच जास्त काम करत असेल तर कार्बिमॅझोलसारखी औषधे लागतात. या दोहोंतला फरक तज्ज्ञांकडूनच करून घ्यावा, कारण ग्रंथी दाबणारी औषधे क्वचित यकृतालाही त्रास देतात. ती घेताना ताप, घसा दुखणे, अंगाला खाज किंवा डोळे पिवळे होणे असे काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन नावाची गोळी काहींना चालू असते. तिच्यात आयोडीन भरपूर असल्याने थायरॉइड दोन्ही बाजूंनी बिघडू शकतो. शिवाय सोफोसबुव्हिरबरोबर ती घेतल्यास हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने मंदावल्याच्या घटना झाल्या आणि २०१५ साली त्याबद्दल इशारा दिला गेला. ही गोळी बंद केल्यावरही तिचा अंश शरीरात बरेच आठवडे राहतो. म्हणून पूर्वी घेत असाल तरीही सांगा. फिटसाठीच्या फेनिटॉइन व कार्बामाझेपिन आणि क्षयासाठीच्या रिफाम्पिसिनमुळे काविळीच्या गोळ्यांचा असर उतरतो. सर्व औषधांच्या चिठ्ठ्या, डब्या आणि पुड्या एका पिशवीत घालून पहिल्याच दिवशी डॉक्टरांपुढे रिकाम्या कराव्यात. त्या पिशवीत जडीबुटीची पुडीही असावी. ती लपवू नये.

काही नेहमीच्या शंका

“काविळीत तेल, हळद, डाळ बंद करायची ना?” नाही. ‘सी’ काविळीत नुसत्या लाह्या आणि उसाचा रस यांवर माणसाला ठेवले तर अशक्तपणा वाढतो. घरचे साधे जेवण, डाळ, भाजी, ताक, परवडेल तशी अंडी किंवा मासे चालतात. दारू मात्र पूर्ण बंद. थोडी, कमी, सणापुरती असे काही नाही.

“थायरॉइडला कोबी चालत नाही म्हणतात?” शिजवलेला कोबी, फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. आयोडीनयुक्त मीठ पुरेसे आहे. आयोडीनचे निराळे टॉनिक स्वतः घेऊ नये. त्याने थायरॉइड बिघडू शकतो.

“गळ्यात माळ बांधून कावीळ उतरवली तर?” माळेने विषाणू जात नाही. नाकात थेंब टाकण्यासारख्या उपायांनी इजाच होते. माळेवर घालवलेले महिने यकृताला भोवतात.

“उपचारांत दिवस राहिले तर?” बाईला थायरॉइडची गोळी गरोदरपणात कधीही सोडायची नसते, उलट मात्रा बहुधा वाढवावी लागते. काविळीच्या उपचारांत मात्र गर्भधारणा टाळावी. रिबाव्हिरिन घेत असल्यास ही काळजी फार कडक आहे. नवरा-बायकोपैकी कोणीही ते घेत असेल तरी उपचारांत आणि नंतरचे सहा महिने दिवस राहू देऊ नयेत.

“गोळ्या संपल्या, आता बरा झालो ना?” शेवटची गोळी घेतल्यानंतर बारा आठवड्यांनी विषाणूची तपासणी करतात. त्यात विषाणू सापडला नाही तर रोग गेला असे म्हणता येते. थायरॉइडची गोळी मात्र त्या दिवशी आपोआप संपत नाही. ती किती दिवस, हे टी.एस.एच. सांगेल.

घरच्या मंडळींसाठी दोन शब्द

थायरॉइड मंदावलेले माणूस आळशी दिसते. चार वेळा हाक मारल्यावर ‘ओ’ देते. सुनेच्या बाबतीत तर ‘औषधाचे निमित्त करून बसून राहते’ असे बोल लगेच लागतात. त्या शिक्षिकेला तिच्या आजारापेक्षा हे बोल जास्त लागले होते, असे तिने मला नंतर सांगितले. माणूस बदललेले दिसले तर त्याला दोष देण्याआधी त्याचे रक्त तपासा.

आणि ‘सी’ काविळीच्या माणसाचे ताट-वाटी वेगळी काढू नका. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, लेकराचा पापा घेतल्याने ती लागत नाही. वस्तरा, दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश आणि नखे काढायचे यंत्र एवढे वेगळे ठेवले की पुरे.

त्या बाईंचे पुढे काय झाले?

मुलाला मी सांगितले, “काविळीची एकही गोळी चुकवू नकोस आणि थायरॉइडची उद्या सकाळपासून चालू कर.” उपचार केंद्रातील डॉक्टरांनाही फोन करून कळवले. दोन आठवड्यांत चेहऱ्याची सूज उतरू लागली. बारा आठवडे पुरे झाले तेव्हा बाई एकट्या एस.टी.ने सिव्हिलला जाऊन आल्या. पुढच्या तपासणीत विषाणू सापडला नाही आणि टी.एस.एच.ही साडेतीनवर आला होता. अहवाल दाखवायला आल्या तेव्हा सोबत जाऊबाईही होत्या. त्यांनाही सहा महिन्यांपासून थकवा येत होता म्हणे. त्यांचेही रक्त घेतले.

थोडक्यात एवढे लक्षात ठेवावे. काविळीची गोळी त्रासाच्या संशयावरून बंद करू नये आणि थायरॉइडची गोळी काविळीच्या नावाखाली सोडू नये. त्रास वाटला तर आधी डॉक्टरांना भेटावे, रक्त तपासावे आणि मगच काय बंद करायचे, काय चालू ठेवायचे ते ठरवावे. सुटलेल्या गोळीबद्दल डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसू नये. आम्ही रागावतो ते दोन मिनिटे. न सांगितल्याचे दुखणे महिनोन्‌महिने पुरते.